देशाचा किनारा : आहुपें

किनारा म्हटला कीं आम्हां घाटावरच्या मंडळींच्या डोळ्यांपुढें अलिबाग, मुरुड, रत्नागिरी, मालवण अशीं गांवें उभीं राहतात. नारळीपोफळींच्या बागा, ओली वाळू आणि समुद्रांत बुडणारें सूर्यबिंब एवढ्या सामुग्रीवर आमचें किनाऱ्याचें चित्र पुरें होतें. परंतु महाराष्ट्राला आणखी एक किनारा आहे, आणि तो समुद्रापासून सत्तर-ऐंशी किलोमीटर आंत, सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. पुणें जिल्ह्याच्या आंबेगांव तालुक्यांत आहुपें नांवाचें एक गांव आहे. त्या गांवाच्या पश्चिमेस जमीन एकाएकीं संपते. खालीं दोन हजार फुटांहून अधिक खोलीवर कोंकण पसरलेलें असतें, आणि पावसाळा सरतां सरतां पांढऱ्या ढगांच्या लाटा त्यावरून येऊन कड्याच्या पायथ्याशीं थडकत असतात. तो देखावा एकदां पाहिला म्हणजे येथें किनारा हा शब्द कोणालाहि अतिशयोक्तीचा वाटणार नाहीं.

भूगर्भशास्त्राचें म्हणणेंहि या कल्पनेपासून फार दूर नाहीं. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं ज्वालामुखींच्या रसाचे थरांवर थर सांचून दख्खनचें पठार तयार झालें. पुढें सेशल्स बेटांचा भूभाग भारतापासून तुटून दूर गेला, पश्चिमेची कड खचली आणि तेथें नवा समुद्रकिनारा निर्माण झाला. त्या वेळीं उभा राहिलेला कडा पावसानें व ओढ्यांनीं झिजत झिजत पूर्वेकडे सरकत आला, आणि त्यानें मोकळ्या केलेल्या जागेंत आजचें कोंकण पसरलें, असें पुष्कळ शास्त्रज्ञ मानतात. म्हणजे आहुप्याचा कडा हा मागें हटलेला जुना किनाराच म्हणावयाचा!

या किनाऱ्यावर आम्ही गेलों त्याला एक घरगुती कारण घडलें. आमच्या थोरल्या बंधूंची कन्या बालरोगांची डॉक्टर आहे. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, टांझानिया देशांतील एका जिल्ह्याच्या रुग्णालयांत एक वर्ष विनावेतन काम करण्याचें तिनें ठरविलें. तिच्याप्रमाणेंच निरनिराळ्या देशांतून तेथें जाणाऱ्या मंडळींनीं असा बेत केला होता कीं, कामावर रुजू होण्यापूर्वीं पंधरा दिवस आधीं जमावें आणि बागामोयो, झांझिबार, किल्वा असा सारा सुंदर किनारा पाहून घ्यावा. हा बेत घरीं कळला आणि आमच्या एकत्र कुटुंबांत दोन पक्ष पडले. बंधु म्हणाले, "सेवेला जाणारानें आधीं सहल कशाला करावी? काम करावें, आणि उरल्या वेळांत काय पाहावयाचें तें पाहावें." मातोश्रींची शंका याहून खोल होती. त्या म्हणाल्या, "अगं, इथलीं पोरें सगळीं बरीं झालीं का, म्हणून तूं सातासमुद्रांपलीकडे निघालीस?"

पुतणीला या दोन प्रश्नांपैकीं एकाचेंहि उत्तर देतां आलें नाहीं. आणि आम्हां वडील मंडळींजवळहि तें तयार नव्हतें. शेवटीं वहिनींनीं तोड काढली. "दूरच्या किनाऱ्याचें मग बघूं. आधीं जवळचा बघून येऊं," असें त्या म्हणाल्या, आणि आश्विनाच्या पहिल्या आठवड्यांत आम्ही लहानथोर सातजण आहुप्यास निघालों. मातोश्री पुण्यासच राहिल्या. निघतांना मात्र त्यांनीं बजावलें कीं, "काय पाहिलंत तें मला नीट सांगावयाचें, नुसतें 'फार छान होतें' म्हणूं नका."

पुण्याहून नाशिकच्या रस्त्यानें मंचरपर्यंत यावें आणि तेथून डावीकडे वळून घोडेगांव गांठावें. तालुक्याच्या कचेऱ्या घोडेगांवांत आहेत. नांव मात्र आंबेगांव तालुका. हें आंबेगांव कोठें आहे असें मुलांनीं विचारलें, त्याचें उत्तर पुढें डिंभें येथें मिळालें. तेथें घोड नदीला धरण घातलेलें आहे, आणि ज्या आंबेगांवावरून तालुक्याला नांव पडलें तें जुनें गांव या धरणाच्या पाण्याखालीं गेलें. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचें नांव दिलेलें आहे. बाबू गेनू याच तालुक्यांतील महाळुंगे पडवळचे. मुंबईच्या गिरणीत काम करणारा हा तरुण १२ डिसेंबर १९३० रोजीं काळबादेवीच्या रस्त्यावर विदेशी कापडाच्या गाडीपुढें आडवा झाला आणि त्या गाडीखालीं त्याचा अंत झाला.

आश्विनांत हा जलाशय तुडुंब भरलेला असतो, आणि डोंगरांच्या निळ्या सांवल्या त्यांत पडलेल्या पाहून कोणासहि येथें चार घटका थांबावेसें वाटेल. आम्हीहि थांबलों. परंतु हें पाणी पाटांतून पूर्वेकडच्या सपाट प्रदेशांत जातें, आणि ज्यांच्या जमिनी त्याखालीं बुडाल्या त्यांतील कित्येक कुटुंबें वरच्या उतारांवर सरकून राहिलीं आहेत. कुसुमताई कर्णिक व आनंद कपूर यांच्या पुढाकारानें उभ्या राहिलेल्या 'शाश्वत' या संस्थेनें या धरणग्रस्तांत अनेक वर्षें काम केलें. जलाशयांतील मासेमारी त्यांच्या सहकारी संस्थेच्या हातीं यावी, पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळाच्या जमिनीवर त्यांना पीक घेतां यावें, अशा गोष्टींसाठीं ती झटली. देखावा एवढा रम्य असतां त्याच्या पोटांत एवढा हिशेब दडलेला असतो, हें पुतणीला आम्हीं सांगावें लागलें नाहीं. तिनें वहीं काढून तें टिपून घेतलें.

डिंभें सोडल्यावर रस्ता डोंगरांत शिरतो. याच भागांत माळीण हें गांव आहे. ३० जुलै २०१४ रोजीं सकाळीं, मुसळधार पावसांत, डोंगराचा एक भाग सुटून या गांवावर आला. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस. टी.च्या चालकाला रोजचें गांव जागेवर दिसेना, तेव्हां ही बातमी बाहेरच्या जगाला कळली. सुमारें दीडशें माणसें त्या मातीखालीं गेलीं. पुढें २०१७ सालीं जवळच नव्या जागेवर नवें माळीण वसविण्यांत आलें. या दुर्घटनेच्या कारणांची चर्चा झाली तेव्हां अतिवृष्टि, झिजून सुटी झालेली माती आणि उतारांवर केलेलें सपाटीकरण अशीं निरनिराळीं कारणें पुढें आलीं. गेलेल्यांच्या स्मारकापाशीं आम्ही उतरलों आणि तेथें कोणी कांहीं बोललें नाहीं. मुलें फार लहान नव्हतीं, त्यांनाहि समजलें.

तिरपाड, डोण अशीं गांवें मागें टाकीत रस्ता चढत जातो. दोन्ही बाजूंस भाताचीं खाचरें, त्यांच्या बांधांवर सोनकीचीं पिवळीं फुलें, मधूनच नाचणी व वरई यांचे तुकडे, आणि वर हिरव्या डोंगरावरून अजून आटावयाचे राहिलेले ओढे. शेवटीं आहुपें येतें. वस्ती मुख्यतः महादेव कोळी समाजाची आहे. घरें ठेंगणीं, पावसाच्या माऱ्याला पाठ करून बसल्यासारखीं. या भागांत पाऊस इतका पडतो कीं, पावसाळ्याचे चार महिने सरपण, धान्य, गुरांचा चारा आणि माणसांची प्रकृति यांची बेगमी आधींच करावी लागते.

एका घरीं आगाऊ निरोप पाठवून आम्हीं राहाण्याजेवणाची सोय केली होती. सामान टाकलें आणि पहिल्या प्रथम कड्यावर गेलों. वाऱ्याचा जोर असा होता कीं, बंधूंची टोपी त्यांनीं हातानें धरली होती म्हणून राहिली. कड्यावरून खालीं उडी घेणारी एक धार वारा खालून वर उचलून पुन्हां आमच्याच अंगावर फेंकीत होता. या प्रकाराला लोक उलटा धबधबा म्हणतात. ढगांचा पडदा अर्धा तास हालला नाहीं. मग तो मधोमध फाटला, आणि खालीं गोरखगड व मच्छिंद्रगड यांचे दोन सुळके एकदम वर आले. जणूं समुद्रांतून खडक वर यावेत. त्यांच्या पलीकडे मुरबाडच्या बाजूचीं शेतें, झाडी, बारीक रस्ते. आहुपें घाटाची जुनी पायवाट येथूनच खालीं खोपिवलीस उतरते. उत्तरेकडे कड्याची रांग दुर्ग व ढाकोबा यांवरून नाणेघाटाकडे जाते. त्या घाटांतील लेण्यांत सातवाहनांची राणी नागनिका हिचा दोन हजार वर्षांपूर्वींचा लेख आहे. सोपारा-कल्याणच्या बंदरांत उतरलेला माल त्याच वाटेनें जुन्नरला चढे.

दक्षिणेच्या अंगास सिद्धगड दिसतो. बंधूंनीं त्याच्याकडे बोट दाखवून मुलांना माथेरानच्या भाई कोटवालांची हकीकत सांगितली. १९४२ च्या लढ्यांत त्यांनीं आपलें पथक घेऊन विजेच्या तारांचे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडच्या जंगलांत पोलिसांच्या गोळीबारांत ते व हिराजी पाटील धारातीर्थीं पडले. ज्या डोंगरांना आपण 'देखावा' म्हणून पाहतों त्यांच्या आश्रयास लोक केवढीं कामें घेऊन आले होते, हें अशा ठिकाणीं उभें राहिल्यावर कळतें.

घोड नदी या गांवाजवळच उगम पावते. कड्याच्या धारेवर पडलेला पाऊस पश्चिमेस घसरला तर उल्हास नदीच्या खोऱ्यांतून अरबी समुद्रास मिळतो. हातभर पूर्वेस पडला तर घोड, भीमा व कृष्णा यांच्या संगतीनें सारी दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरास जातो. आणि हा पाऊस येतो कोठून? नैर्ऋत्येचे वारे विषुववृत्ताच्या दक्षिणेकडून निघून आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत वळतात, अरबी समुद्रावरून बाष्प उचलतात आणि सह्याद्रीच्या या भिंतीवर येऊन आपटतात. याच वाऱ्यांच्या भरंवशावर शतकानुशतकें शिडाचीं गलबतें झांझिबार आणि आपली पश्चिम बंदरें यांच्यामध्यें ये-जा करीत होतीं. स्वाहिली भाषेंत दक्षिणेच्या वाऱ्याला 'कुसी' व ईशान्येच्या वाऱ्याला 'कास्काझी' अशीं नांवेंच आहेत. पुतणी गेले चार महिने ती भाषा शिकत होती. तिनें हे शब्द सांगितले तेव्हां आमच्या अंगावर येणारा वारा कोणाच्या दारावरून येतो तें एकदम उमगलें. दुकानाला तिकडे 'दुका' म्हणतात, पोळीला 'चपाती' आणि विम्याला 'बिमा' म्हणतात, हें ऐकून वहिनींना जरा धीर आला. मुलगी अगदींच परक्या मुलुखांत चालली नाहीं असें त्यांना वाटलें असावें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही भैरवनाथाची देवराई पाहिली. देवराई म्हणजे देवाच्या नांवें राखलेलें रान. आंत शिरतांच उजेड बदलतो. वर पानांचें छत, खालीं कुजलेल्या पानांचा पायांना मऊ लागणारा थर, आणि मनगटाहून जाड वेली एका झाडावरून दुसऱ्या झाडावर गेलेल्या. शेंकरू दिसावें म्हणून मुलें माना वर करकरून थकलीं. शेवटीं एक तांबूस झुबकेदार शेंपटी या फांदीवरून त्या फांदीवर गेली, तेवढ्यावर समाधान मानावें लागलें. शेंकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी. त्याच्या रक्षणासाठीं १९८५ सालीं भीमाशंकर अभयारण्य जाहीर झालें, आणि हा परिसर त्यांतच येतो. परंतु अभयारण्याच्या किती तरी पूर्वींपासून हें रान उभें आहे. तेथें कुऱ्हाड लावावयाची नाहीं हा गांवाचा नियम. तो मोडला तर देव कोपेल ही श्रद्धा. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनीं १९७० नंतरच्या काळांत महाराष्ट्रांतील देवरायांचा अभ्यास करून दाखविलें कीं, आजूबाजूचें रान तुटून गेलें तेथेंहि कित्येक दुर्मिळ वनस्पति या देवरायांच्या आसऱ्यानें टिकल्या. ज्याला आम्ही शिकलेले लोक भोळेपणा म्हणून हंसलों असतों, त्या नियमानें वनस्पतिशास्त्राची ठेव सांभाळली होती.

रानाशीं या लोकांचा संबंध भक्तीचा आहे तसा पोटाचाहि आहे. हिरड्याचीं कोवळीं फळें उन्हाळ्यांत गोळा करून वाळवितात. तोच बाजारांतला बाळहिरडा. आपल्या घरोघर जुन्या बटव्यांत तो असतो, आणि लहान मुलांना उगाळून देतात. ती वस्तु येथून निघते, हें आमच्या घरांत कोणास ठाऊक नव्हतें. या भागांतील पुष्कळ कुटुंबांचा वर्षाचा रोख पैसा बऱ्याच अंशीं हिरड्यावर अवलंबून असतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळांत हिरड्याचें मोठें नुकसान झालें, तेव्हां भरपाईसाठीं लोकांना आंदोलन करावें लागलें.

त्या रात्रीं जेवणाला तांदळाची भाकरी, हुलग्याचें पिठलें आणि ठेंचा होता. जेवतांना घरधन्यानें पडकईची गोष्ट काढली. उतारावर दगडांचा बांध रचावयाचा, त्यामागें माती ओढून सपाट करावयाची, आणि भाताचें खाचर तयार करावयाचें, हें पडकईचें काम. एका कुटुंबाच्या हातून तें उरकत नाहीं. म्हणून आज याच्या शेतावर, उद्यां त्याच्या शेतावर अशी आळीपाळीनें मंडळी जमतात. मजुरी नसते, ज्याचें काम असेल तो जेवूं घालतो. पुढें 'शाश्वत'च्या खटपटीनें या कामाला रोजगार हमीच्या योजनेंत स्थान मिळालें. माळीणच्या घटनेनंतर उतारांवर यंत्रें चालवावीं कीं नाहीं याची चर्चा झाली, तेव्हां हातानें घातलेला बांध आणि यंत्रानें कापलेला उतार यांतील फरक पुन्हां लोकांच्या ध्यानांत आला. हातानें काम करणाराला कोणता दगड हलवावयाचा नाहीं तें कळतें. बाहेरून आलेल्या यंत्राला तें कोण सांगणार?

पुतणी हें सारें मन लावून ऐकत होती. घरांतल्या म्हाताऱ्या आजीबाई चुलीपाशीं बसल्या होत्या. त्यांच्याजवळ जाऊन तिनें मुलांच्या आजारांची, बाळंतपणांची, दवाखान्याच्या वाटेची चौकशी केली. आजीबाईंनीं सगळें सांगितलें आणि मग विचारलें, "तुमी किती दिस हायेत?"

"आम्ही उद्यांच जाणार, आजी."

"येतात लई जण, पोरी. डाक्तर येतात, मास्तर येतात, फोटू काढणारे येतात. ऱ्हातंय कोण?" मग थोडें थांबून त्या म्हणाल्या, "बरं, आलाच हायेत तर बगून तरी नीट जा."

या बोलण्यांत राग नव्हता. पाहुण्याला वाटेंतला निसरडा दगड दाखवावा तशी ती सूचना होती. आणि आमच्या घरीं चाललेल्या वादाचें उत्तर त्यांत होतें असें आम्हांस वाटतें. बंधूंचा आक्षेप सहलीवर होता. पण पाहाण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक तऱ्हा अशी कीं, डोळ्यांना गोड लागेल तेवढें वेंचून घ्यावयाचें आणि पुढें चालूं लागावयाचें. दुसरींत जें दिसतें तें कोणी राखलें, कोणी गमावलें, कोणाच्या कष्टानें उभें राहिलें, हें विचारीत विचारीत पाहावयाचें. डिंभ्याचा जलाशय, माळीणचा डोंगर, देवराईंतील सांवली, खाचरांचे बांध हीं सारीं सुंदरच आहेत. परंतु दुसऱ्या तऱ्हेनें पाहिलीं म्हणजे त्या सौंदर्याच्या आड उभीं असलेलीं माणसेंहि दिसूं लागतात. जो सेवक अशा पाहाण्यावांचून एकदम कामाला हात घालतो, त्याला लोक म्हणजे रिकाम्या हातांनीं वाट पाहात बसलेला समुदाय वाटतो. पडकईसारखी चाल ज्यांच्यांत आहे त्यांना परस्पर-साहाय्य शिकवावयास आपण आलों, असा त्याचा समज होतो. म्हणून आधीं पाहावें, आणि पाहावयास पंधरा दिवसहि थोडेच, असा आमचा कौल पडला. बंधूंनींहि तो मान्य केला. मात्र त्यांनीं एक पुस्ती जोडली, "पाहिलेलें रोजच्या रोज लिहून काढ. म्हणजे सहल आहे कीं अभ्यास, तें तुझें तुलाच कळेल."

आपल्या महाराष्ट्रांतून परदेशीं सेवेस गेलेल्यांत डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस यांचें नांव सर्वांस ठाऊक आहे. सोलापूरचा हा तरुण डॉक्टर १ सप्टेंबर १९३८ रोजीं चार सहकाऱ्यांसह मुंबईहून बोटीनें चीनला निघाला; त्या पांचांत नागपूरचे डॉक्टर चोळकर हेहि होते. जपानशीं चाललेल्या युद्धांत त्यांनीं जखमींची शुश्रूषा केली. इतर सहकारी परतले, कोटणीस राहिले. ते चिनी भाषा बोलावयास व लिहावयास शिकले, रुग्णालयाचे प्रमुख झाले, तेथल्याच परिचारिकेशीं विवाहबद्ध झाले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं तेथेंच वारले. त्यांच्या धैर्याचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे. आम्हांस त्यांची भाषा शिकण्याची गोष्ट अधिक मोलाची वाटते. रोग्याला काय दुखतें हें त्याच्याच शब्दांत ऐकावयाची ज्याची तयारी, त्याच्या सेवेला परदेश राहात नाहीं. उलट आमच्या सारख्यांना पुण्याहून एका दिवसाच्या वाटेवरचें आहुपेंहि परदेश होऊन बसतें, कारण तेथें काय पिकतें, कोण राहातें, बाळहिरडा कोठून येतो, हें आम्हीं कधीं विचारलेलेंच नसतें.

आहुप्यास जाऊं इच्छिणाऱ्या कुटुंबांसाठीं दोन शब्द लिहितों. आषाढ-श्रावणांत येथला पाऊस फार दांडगा. धुकें असें कीं दहा पावलांवरचा कडा दिसत नाहीं. भाद्रपदाच्या अखेरीपासून कार्तिकापर्यंतचा काळ उत्तम. कड्याला कठडा नाहीं व गवत निसरडें असतें, म्हणून मुलांचा हात सोडूं नये. आहुपें घाट उतरावयाचा असेल तर गांवांतला वाटाड्या बरोबर घ्यावा आणि त्याच्या श्रमाचें मोल ठरवून द्यावें. राहाण्याजेवणाची व्यवस्था गांवकऱ्यांच्या घरीं करावी, आणि आपण पाहुणे असलों तरी त्यांच्यावर भार नाहीं, हें आधींच स्पष्ट करावें. देवराईंतून पान, फूल, वाळकी काटकीसुद्धां आणूं नये. आपण नेलेलें कागद, पिशव्या, बाटल्या हें सारें परत पुण्यास आणावें. आणि निदान एक रात्र तेथें काढावी. सकाळीं येऊन दुपारीं परतणाराला कडा दिसतो, गांव दिसत नाहीं.

पुतणी दिवाळीनंतर टांझानियास गेली. मंडळींबरोबर तिनें किनारा पाहिला आणि बंधूंच्या आज्ञेप्रमाणें रोज लिहिलें. बागामोयोहून आलेलें तिचें पत्र मातोश्रींना आम्हीं वाचून दाखविलें. हें बागामोयो झांझिबारच्या समोरचें जुनें बंदर. आफ्रिकेच्या अंतर्भागांतून हस्तिदंत आणि गुलाम माणसें यांचे तांडे येथें येत. गांवाच्या नांवाचा अर्थ 'हृदयाचा भार येथें टाका' असा सांगतात. कोणी म्हणतात, लांबच्या वाटेनें थकलेले हमाल येथें पोहोंचून मोकळा श्वास घेत, म्हणून हें नांव. कोणी म्हणतात, बोटींत चढणारे गुलाम आपलें काळीज या मातींत टाकून जात, म्हणून. झांझिबारला गुलामांचा बाजार १८७३ सालीं बंद झाला आणि त्या जागीं आज प्रार्थनामंदिर उभें आहे. पुतणीनें लिहिलें होतें, "समुद्र अतिशय निळा आहे, वाळू पांढरीशुभ्र आहे. पण आहुप्याच्या आजीबाईंनीं सांगितल्याप्रमाणें नीट बघते आहें."

पुढच्या पत्रांत कामाची हकीकत आली. पहिला महिनाभर तिनें तेथल्या अनुभवी परिचारिकेशेजारी बसून नुसतें ऐकण्याचें काम केलें. दुःखी माणसाला तिकडे 'पोले' म्हणतात. या एका शब्दांत सहानुभूति, धीर आणि 'सावकाश होऊं द्या' हें सारें येतें. हा शब्द योग्य जागीं म्हणतां येऊं लागला त्या दिवशीं एका आईनें आपलें तापलेलें मूल स्वतः होऊन तिच्या मांडीवर ठेवलें, असें तिनें कळविलें.

मातोश्रींनीं पत्र दोनदां वाचावयास लावलें. त्यांचा मूळ प्रश्न अजून तसाच आहे, आणि त्या तो सोडणाऱ्यांपैकीं नव्हेत. "तिथल्या पोरांचें बरें चाललें आहे तर. इथल्यांचें काय?" असें त्यांनीं आमच्याकडून उत्तरांत लिहवून घेतलें. त्यावर पुतणीचें उत्तर आलें आहे. वर्ष संपवून ती परत येईल. तेव्हां आहुप्यास एक रात्र न राहतां पंधरा दिवस राहावयाचें, आजीबाईंच्या घराची व आसपासच्या वाड्यांची वाट नीट समजून घ्यावयाची, आणि दर महिन्याला किती दिवस तेथें देतां येतील हें त्यांनाच विचारून ठरवावयाचें, असा तिचा विचार आहे. मातोश्रींनीं बेत ऐकून घेतला आणि कपाटांतील जुना बटवा काढून त्यांतला बाळहिरडा चाचपून पाहिला. तो संपत आला आहे. या खेपेस तेथूनच आणावयाचा, असें त्यांनीं वहिनींना सांगून ठेवलें आहे.